डाव्या हाताचा दाब

"पट्टा उजव्याच हातात राहू द्या हं. हात बदलू नका," तांदळे सिस्टर डिस्चार्जच्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, आणि मी "हो हो" म्हणत पिशवी उचलली होती.

आमची लेक रेवा माझ्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होती. सासूबाई गाडी लागली का ते बघायला पुन्हा खाली गेल्या होत्या. शिवाय त्याआधी सिस्टरांनी जांघेतल्या जखमेला पाणी लावू नका, जड उचलू नका, जोर करून शौचाला बसू नका, असं इतकं काय काय सांगितलं होतं की हाताचं ते वाक्य मला घड्याळ कुठल्या मनगटात घालावं इतकं किरकोळ वाटलं. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेय. नळीतल्या दाबाची गणितं कराडच्या कॉलेजात पानंच्या पानं सोडवलीत. "का बरं?" एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

धैर्यशील, माझा नवरा, पवनचक्क्यांवर चढतो. आमच्या पाटणच्या पठारावरच्या जुन्या ठेंगण्या चक्क्या काढून आता ढगात डोकं घालतील अशा नव्या उभ्या केल्यात. त्यांची पाती तपासायला यंत्रं आलीत, पालीसारखी चिकटून वर चढतात. पण पात्याच्या मुळाशी, आत, जिथे कुशीवर पडून बोल्ट आवळावे लागतात, तिथे अजून माणूस लागतो. अशी माणसं पठारावर थोडीच उरलीत. आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात पोहे-चहा झाले आणि आम्हाला दोघांनाच गच्चीवर पाठवलं, तेव्हा तो मला पहिलं वाक्य बोलला ते हे, "तुमची ही निळी टाकी मला रोज वरनं दिसते."

गेल्या मे महिन्यात टॉवरच्या आतली माणसं नेणारी लिफ्ट त्याला घेऊन सुटली. पार खालपर्यंत आली नाही. मध्येच ब्रेक लागला आणि ती कचकन थांबली. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. जोडीदार गनीभाईला म्हणाला, "फुकटात झोपाळा मिळाला." चहा प्यायला. मग खांद्याच्या फऱ्यांमध्ये पाठीत कळ आली आणि कप हातातून पडला.

डॉक्टर बोरकरांनी मला जे समजावलं ते असं. एसटीत वरच्या दांडीला पिशवी अडकवलेली असते. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला की पिशवी पुढे झोका घेते, आणि बंद फाटतो तो दांडीला घासतो तिथेच. हृदयातून निघणारी महाधमनी सुरुवातीला छातीत मोकळी असते, हृदयाबरोबर हलते. मग कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला बांधल्यासारखी खाली उतरते. माणूस वेगात असताना एकदम थांबला की हृदय पुढे जातं, कणा जागेवर राहतो, आणि मोकळं संपून बांधलेलं सुरू होतं त्या सांध्यावर धमनी आतून फाटते. धैर्यशीलच्या धमनीचे आतले दोन थर फाटले होते. बाहेरचा तिसरा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, तेवढा टिकला होता. तोही गेला असता तर चहासुद्धा झाला नसता.

पूर्वी अशा माणसाची छाती उघडायचे. मग जांघेतल्या धमनीतून तारेवरून घडी घातलेली नळी वर न्यायची आणि फाटक्या जागी आतून उघडायची, असं सुरू झालं. धातूच्या जाळीची, कापड लावलेली नळी. म्हाताऱ्या माणसाला ती जन्मभर पुरते. तरुणाची धमनी मात्र वयाबरोबर रुंद होत जाते, आणि नळी तेवढीच राहते. म्हणून आता विरघळणारी नळी आलीय. कारल्याच्या वेलाला मांडव घालतो, तशी ती. तिच्या विणीवरून त्याचीच नवी भिंत धरत जाते, आणि वर्ष-दीड वर्षात मांडव विरघळून वेल उरतो. अट एकच. भिंत धरेपर्यंत आतला दाब एका रेषेच्या वर जाऊ द्यायचा नाही.

ती रेष सांभाळायला त्याच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, सुपारीएवढी औषधाची कुपी बसवली. मनगटावरचा पट्टा दाब मोजतो आणि कुपीला कळवतो. दाब वाढला की कुपी औषध वाढवते, कमी झाला की हात आखडता घेते. गोळ्या नाहीत, दर महिन्याचं तपासणीला येणं नाही. पट्टा हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिसतो आणि तो रंग माझ्या फोनवर येतो. या पट्ट्यांमुळे त्या वॉर्डातल्या निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या होत्या. "आता तुमचं घर म्हणजेच वॉर्ड," बोरकर हसून म्हणाले होते.

आणि जाता जाता हेही म्हणाले होते की नळीला धड भिंतीवर पकड मिळावी म्हणून तिचं वरचं टोक थोडं पुढे ठेवावं लागलं. डाव्या हाताची धमनी तिथूनच फुटते. तिचं तोंड झाकलं गेलं. "हाताला काही होणार नाही. रक्त मानेमागच्या वाटेनं वळसा घालून पोचतं. जरा गार वाटेल, जरा दमेल." हे मी ऐकलं. सिस्टरांचं हाताचं वाक्यही ऐकलं. दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी होती, आणि एकमेकांशी बोलली नाहीत.

घरी आल्यावर पहिलंच जेवण. सासूबाईंनी ताट वाढलं आणि पट्ट्याकडे बघून म्हणाल्या, "जेवायच्या हातात कशाला गं ते दवाखान्याचं? खरकटं लागंल त्याला."

"आई, मग चमच्यानं जेवतो," धैर्यशील म्हणाला.

"जेव की. पण देवाला गंध काय चमच्यानं लावणार हायेस?"

मला हसू आलं. डाळीत बुडून मशीन बिघडेल ही भीती मलाही होतीच. मी पट्टा काढला, पुसला, डाव्या मनगटावर बांधला. फोनवर प्रश्न आला, पट्टा पुन्हा बसवला का. मी "होय" दाबलं. हिरवा. अगदी पोपटी हिरवा. दवाखान्यातसुद्धा इतका छान कधी नव्हता.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "घरचं खाल्लं की कसं."

त्यानंतर आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. भांडी हळू ठेवायची, दार हळू लावायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. मी स्वयंपाकघरात असले तरी फोन ओट्यावर उघडा. त्याच्या छातीतला आकडा मी पोळ्या लाटता लाटता बघायचे. क्रिकेट लागलं की चढतो, रेवा मांडीवर चढली की उतरतो. माझ्या माहेरचा विषय काढला की पाच-सहाने वर जातो हेही मला कळलं.

"माझ्या आईचं नाव काढलं की तुझं बीपी वाढतं," मी एकदा म्हटलं. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते. दार लावलं की अरे.

"प्रेमानं वाढतं गं."

"आणि खोटं बोललास की आणखी दोननं."

तो हसला, पण नंतर पट्ट्यावर शर्टाची बाही ओढून बसला. बायकोला नवऱ्याचं मन कळावं म्हणतात. नवऱ्याची धमनी कळू नये. आमच्यात बोलायच्या आधीच उत्तरं यायला लागली होती आणि त्यामुळे बोलणंच कमी झालं होतं.

पट्टा इतका हिरवा, की ऑगस्टमध्ये कंपनीने त्याला जमिनीवरच्या कामाला घेतलं आणि नवरात्राच्या आत पुन्हा वर सोडलं. डॉक्टरच्या चिठ्ठीची गरजच उरलेली नाही. टॉवरच्या दाराला पट्टा दाखवायचा. हिरवा असेल तर कुलूप उघडतं, लाल असेल तर नाही. कुठल्याही कंपनीचा टॉवर, कुठलाही जिल्हा, दार तेच ओळखतं. माणसांची वशिलेबाजी थांबावी म्हणून हे केलं होतं. पट्ट्याचा रंग कोणालाही, डॉक्टरलासुद्धा, बाहेरून बदलता येत नाही. आणि कामगार कुठे आहे हे पट्टा कोणालाही सांगत नाही. त्यासाठी युनियनने संप केला होता. धैर्यशील त्यात होता. मी डबे पोचवले होते.

वर जायला लागला आणि माझा नवरा मला परत मिळाला. जेवताना बोलायला लागला. वरून काय काय दिसलं ते सांगायला लागला. आवाज थोडा बसला होता. सासूबाई म्हणाल्या, नवरात्रात आरत्या म्हणून बसला असंल. मी आल्याचा काढा दिला.

पाडव्याला आमच्याकडे बायको नवऱ्याला तेल लावते. सकाळी मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तेल कोमट केलं. रेवा उटण्याच्या वाटीत दोन्ही हात घालून बसली होती. सासूबाई आत करंज्या तळत होत्या. मी त्याचे खांदे चोळले, मग उजवा हात, मग डावा. आणि थांबले.

"हा हात गार का रे?"

"थंडी पडायला लागली."

"थंडी एकाच हाताला?"

मी दोन्ही मनगटं धरली. उजव्या मनगटात नाडी माझ्या बोटांना ढकलत होती. डाव्यात ती शोधावी लागली. सुताएवढी होती. तेलाने पट्टा घसरत होता, तो मी काढून पदराला पुसला आणि हाताला येईल त्या मनगटावर, म्हणजे उजव्यावर, बांधला.

पट्टा लाल झाला. बारीक आवाजात बोलायला लागला, कृपया ताबडतोब आडवे व्हा. फोनवर आकडा होता एकशे बहात्तर.

धैर्यशीलने शांतपणे पट्टा सोडला आणि डाव्या हातात बांधला. "तेल गेलं असेल आत," म्हणाला. एकशे सोळा. हिरवा.

मी पट्टा माझ्या उजव्या हातात घालून बघितला, मग डाव्या. दोन्हीकडे सारखाच आकडा. पुन्हा त्याच्या उजव्या. लाल.

"बास कर आता," तो म्हणाला.

तो घाबरला नव्हता. मला त्याचीच भीती वाटली. लिफ्टचा किस्सा सांगताना ज्याचे ओठ अजून कोरडे पडतात, तो माणूस लाल पट्टा बघून घाबरला नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तो रेवाचे हात पुसायला लागला.

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या आधी. हार्नेसची दोरी डाव्या मनगटाला घासत होती म्हणून पट्टा या उजव्या हातात घातला, आणि पुढच्या टॉवरचं दार उघडेना. तुझा फोन तेव्हा दुरुस्तीला होता. गनीला म्हटलं, मशीन येडं झालंय. डाव्यात घातला, उघडलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"दार उजव्या हाताला उघडत नाही, शर्वरी."

त्या क्षणी डॉक्टरांचं आणि सिस्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात एकमेकांना भेटलं. डाव्या हातात रक्त वळसा घालून येतं, म्हणून तिथला दाब मुळातच कमी. पट्ट्याला वाटलं, दाब खाली जातोय, औषध जास्त होतंय. त्याने कुपीला तसं कळवलं. कुपी शहाण्यासारखी औषध कमी करत गेली. खरा दाब वर चढत गेला, तरी डाव्या हातात तो पोचताना तिसरा हिस्सा गळून यायचा, आणि पट्टा हिरवाच. उन्हाळ्यापासून हे चाललं होतं. कोणीही चुकलं नव्हतं, ना पट्टा, ना कुपी, ना दार. सगळ्यांनी डाव्या हाताचं खरं मानलं. आणि आत मांडवावर, भिंत धरायच्या आधीच, रोज पुराचं पाणी आदळत होतं.

मी हे त्याला सांगितलं. हळू आवाजात सांगितलं. मला ओरडायचं होतं, पण त्याच्यासमोर ओरडणं मी विसरले होते.

"मग काय करू?" तो म्हणाला. "लाल घालून घरात बसू? पुढच्या वर्षी ती यंत्राची पाल पात्याच्या आतही शिरणार आहे. त्याआधी जो वर असेल तो त्या यंत्राला शिकवायला राहील. जो घरी आहे तो घरी."

"जिवंत राहा ना आधी."

"तू फोनमध्ये बघत बसणार आणि मी हिरवा राहत बसणार. त्याला जिवंत म्हणतात होय?"

"बाबा लाल," रेवा म्हणाली. ती पट्ट्याशी खेळत होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात झारा. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "मीच म्हणलं होतं गं, हात बदल."

"आई, तुमचं काही नाही त्यात," मी म्हटलं. ते खरं होतं. त्यांनी सांगितलं खरकट्याचं. हात बदलला मी, "होय" दाबलं मी.

त्याने शेवटी ऐकलं. पट्टा उजव्या हातात बांधून आडवा झाला. मी मागच्या पडवीत जाऊन दवाखान्यात फोन लावला. तांदळे सिस्टरांना ओळख पटायला वेळ लागला नाही. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आवाज बसलाय का त्यांचा?"

"हो. नवरात्रापासून. आरत्या—"

"शर्वरी, ऐका. आवाजाची नस त्या कमानीखालून जाते. तिथे काही फुगलं की आवाज बसतो. पट्टा उजव्याच हातात ठेवा. कुपी एकदम औषध सोडत नाही, तिला पूर्ण मात्रेवर यायला दिवस लागेल. झोपवून ठेवा आणि आजच्या आज घेऊन या. सीटी काढू. नळीचं वरचं टोक सुटलं असेल तर दुसरी आत घालता येते. अजून घालता येते."

"अजून म्हणजे?"

"आणा हो तुम्ही."

मी आत आले तर तो उठून बसला होता. "उद्या जाऊ," म्हणाला. "सणाचं नको. उद्या नक्की." माझ्याकडे बघून म्हणाला नाही. फोनवर आकडा दोननं वर गेला.

तेव्हा मी ते केलं. पुन्हा पडवीत गेले आणि त्याच्या साइटच्या निकम साहेबांना फोन केला. सांगितलं की याचा पट्टा खोटा हिरवा आहे, याला वर सोडू नका. मला वाटलं, एकदा वरचं दार बंद झालं की तो आपोआप दवाखान्याच्या दाराकडे वळेल. निकम घाबरले. त्यांनी तिथल्या तिथे त्याचा आपल्या साइटचा पास रद्द केला आणि त्याला फोन करून तसं सांगितलं. बायकोने कळवलं हेही सांगितलं.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "निकमांना फोन केलास?"

"केला."

"मला न सांगता."

"तूही मला सांगितलं नव्हतंस."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने रेवाच्या ताटलीतली अर्धी करंजी खाल्ली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझ्यासमोर पट्टा उजव्या हातातून काढून डाव्यात बांधला. हार्नेसची पिशवी खांद्याला लावली. "येतो," म्हणाला.

मी दार अडवून उभी राहिले. तो मला बाजूला सारायला हात लावणार, तेवढ्यात माझ्या मनात आलं की जोर लागेल, दाब वाढेल. आणि मी स्वतःच बाजूला झाले. हे मला अजून कळत नाही. मी त्याला जपण्यासाठी दार सोडलं.

मोटरसायकलचा आवाज खिंडीपर्यंत येत राहिला.

गनीभाई दुपारभर त्याला शोधत फिरले. परत आले आणि उंबऱ्यावर बसून राहिले. "वहिनी, आपल्या पठारावर नाही तो. हार्नेस नेलाय म्हणजे कामालाच गेलाय. दिवाळीत सगळीकडं माणसं कमी. हिरवा पट्टा दाखवला की कुठलाही ठेकेदार घेतो, नावसुद्धा विचारत नाही."

"कुठे कुठे?"

"ढालगावकडं घ्या, सुप्याकडं घ्या, साक्रीकडं घ्या. खाली समुद्राकडंपण नवीन लागल्यात. धैर्यशीलभाऊला तर कोण पण घेईल. त्याच्यासारखा हात कुणाचा आहे?"

दोन दिवस झाले, त्याचा फोन बंद आहे. पोलिसांनी लिहून घेतलं, पण सज्ञान माणूस भांडून कामाला गेलाय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा हसून बघितलं. दवाखान्याने त्यांच्याकडून जमेल तेवढ्या ठेकेदारांना कळवलंय. ठेकेदार म्हणतात, आमच्याकडे सगळे हिरवेच आहेत, मॅडम. लाल कुणी असेल तर दारच उघडत नाही.

त्याचा पट्टा मात्र अजून बोलतोय. कुठून ते सांगत नाही, काय ते सांगतो. रेवाला शेजारी बसवून मी हे लिहितेय आणि फोन समोर उघडा आहे. एकशे अठरा. म्हणजे पाडव्याचा हिशेब धरला तर खरा एकशे पंचाहत्तरच्या आसपास. मी आता त्याच्या प्रत्येक आकड्यात तो फरक मिळवून वाचते. काल सकाळी त्याच्या हृदयाचे ठोके सावकाश वाढत गेले, वाढलेलेच राहिले आणि मग हळूहळू उतरले. तो शिडी चढत होता, लिफ्टमध्ये तो आता पाय ठेवत नाही. मला त्याच्या चढण्याची चाल पाठ आहे. मध्ये दोनदा तो थांबतो. काल जास्त वेळा थांबला.

आज अजून चढलेला नाही. सासूबाई देवासमोरून उठलेल्या नाहीत. गनीभाई ढालगावला गेलेत, माझा भाऊ सुप्याला. पठारं पुष्कळ आहेत आणि आम्ही थोडे. म्हणून हे जिथे छापलं जाईल, जिथे वाचलं जाईल, तिथे पाठवतेय. वाचणाऱ्यांत कोणीतरी असं असेल ज्यांच्या घराच्या मागून पाती फिरताना दिसतात.

धैर्यशील शेलार. वय एकतीस. उंच, काटक, डाव्या भुवईत खोक. आवाज घोगरा आहे. पाणी पिताना मध्येच थांबून खोकतो, जायच्या आधी दोन-तीन दिवस मी ते पाहिलंय. तो कदाचित दुसरं नाव सांगेल. पट्टा डाव्या हातात असेल आणि हिरवा असेल. त्या रंगावर जाऊ नका. त्याच्या दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी धरून बघा. शिकलेलं असायची गरज नाही, तुमच्या बोटांना कळेल.

तो सापडला तर माझं नाव लगेच काढू नका. रागवू नका, ओढाताण करू नका. जिना चढून वरच्या ऑफिसात नेऊ नका, आहे तिथेच बसवा, सावलीत. जवळच्या दवाखान्याला सांगा, फाटलेली महाधमनी आहे, आत नळी आहे. ते समजतील काय करायचं. गाडी येईपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवा. वरून काय दिसतं ते विचारा. तो सांगत बसेल, आणि सांगताना त्याचा दाब खाली येतो, हे मी पाहिलेलं आहे.

पाणी द्या. शेजारी बसा. हळू बोला.

तुमच्या गावाजवळ पवनचक्क्या असतील तर आज जेवायच्या आधी तेवढं जाऊन बघाल का?